मागे कोण आहे ते बघत चला: लांबच्या सायकल टूरवरचा एक दिवस ग्रुपने कसा काढायचा

लांबच्या टूरला पहिल्यांदा निघणारे लोक आधी विचारतात की रोज किती किलोमीटर मारायचे आणि सायकल कोणती घ्यायची, आणि ते विचारायलाच हवं, पण इतक्या टूर केल्यावर मला एक पक्कं कळलंय, दिवस चांगला जाणार का वाईट हे तुमच्या मागे कोण आहे आणि तो आत्ता कुठे आहे हे तुम्हाला माहिती असण्यावर ठरतं. बाकीचं सगळं, वेग, खाणं, पंक्चर, वारा, चढ, त्याच्या मागोमाग येतं. खाली लिहितेय ते एका दिवसाचं आहे, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, चार ते आठ जणांचा ग्रुप आहे, सगळ्यांच्या सायकलींना सामान लावलंय आणि कोणालाही रेस जिंकायची नाहीये असं धरून.

अंतराचं आधी सांगून टाकते. सामान लादलेल्या सायकलवर सपाट रस्त्याला ताशी १६ ते १८ किलोमीटर सरासरी पडली तरी मस्त आहे, म्हणजे ९० किलोमीटरला नुसतं पेडल मारण्याचे पाच-साडेपाच तास, त्यात थांबे धरले की आठ तास आरामात जातात. चढ असेल तर हिशोबच वेगळा, ५ टक्क्यांचा १० किलोमीटर चढ म्हणजे ५०० मीटर उंची, तिथे ताशी ८ ने चढलात तरी सव्वा तास गेला. नकाशावर १० किलोमीटर बघून "अर्धा तास" म्हणू नका, उंचीचा ग्राफ बघा. आणि हळू जाण्याची लाज वाटत असेल तर ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राईडच्या, वेळा बघा, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि १८९१ साली रेस म्हणून सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आज १२०० किलोमीटरची राईड आहे, तिला जास्तीत जास्त ९० तास, म्हणजे खाणं, झोप, पंक्चर सगळं धरून ताशी साडेतेरालाही जरा कमीच. लांब जाणारे लोक फार जोरात जात नाहीत, ते फार वेळ थांबत नाहीत, एवढाच फरक असतो.

आता सकाळ. उजाडताना निघायचं असेल तर तासभर आधी उठा, कारण ग्रुपमध्ये प्रत्येकाची पाच मिनिटं वेगवेगळ्या वेळी जातात, सहा जणांनी आळीपाळीने पाच-पाच मिनिटं घेतली की अर्धा तास गेला, आणि सकाळचा थंड अर्धा तास दुपारच्या तासाएवढा मोलाचा असतो. म्हणून आमच्याकडे एक ठरलेलं आहे, निघायची वेळ म्हणजे सगळ्यांची चाकं रस्त्यावर फिरायला लागायची वेळ, त्या वेळेला बाटल्या भरायला जायचं नाही. सामान आदल्या रात्री भरलेलं हवं, सकाळी वर फक्त ब्रश आणि टॉवेल. जड वस्तू पॅनियरमध्ये, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पिशव्यांमध्ये, खाली आणि चाकाच्या मधोमध येतील अशा ठेवा, दोन्ही बाजूंचं वजन साधारण सारखं ठेवा, नाहीतर हँडल सतत एका बाजूला ओढतं आणि दिवसभराने खांदा का दुखतोय ते कळत नाही.

निघायच्या आधी प्रत्येकाने आपली सायकल बघायची, दोन मिनिटांचं काम आहे. टायर अंगठ्याने दाबून बघू नका, गेजने बघा, ३२ मिलिमीटरच्या टायरला साधारण ५५ ते ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला, आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा कारण बहुतेक वजन मागे असतं. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. चाक उचलून फिरवा, ब्रेकला घासतंय का, टायरमध्ये काच रुतलीय का. क्विक रिलीज, म्हणजे चाक पटकन काढायचा खटका, घट्ट आहे का. पॅनियरचे हूक बसलेत का, लोंबणारा पट्टा स्पोकमध्ये जाईल का, हे शेवटचं लोक विसरतात आणि चाकात पट्टा गेला की सायकल जागच्या जागी थांबते आणि माणूस थांबत नाही.

मग क्रम ठरवायचा. पुढे एक जण लीड आणि सगळ्यात मागे एक जण स्वीप, बाकीचे मध्ये. स्वीपकडे ग्रुपचा चांगला पंप, टूलकिट आणि औषधांची पिशवी असते, कारण ज्याची सायकल बिघडते तो मागेच पडतो, आणि टूलकिट जर पुढे पाच किलोमीटरवर पोचलं असेल तर त्याचा उपयोग शून्य. स्वीप नेहमी ग्रुपमधला दमदार माणूस ठेवा. सगळ्यात हळू जाणारा आपोआप शेवटी राहतो आणि आपण त्यालाच स्वीप समजायला लागतो, तसं होऊ देऊ नका, त्याच्या मागे अजून एक जण हवाच.

आता माझा सगळ्यात आवडता नियम, आणि बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हा ठेवा. प्रत्येक जण आपल्या मागच्या माणसाला जबाबदार. फक्त आपल्या मागच्या, सगळ्या ग्रुपला नाही. दर दोनेक मिनिटांनी मागे बघायचं, हँडलला छोटा आरसा लावलात तर अजून सोपं. मागचा दिसत नसेल तर वेग कमी करायचा, तरी नाही दिसला तर कडेला सुरक्षित जागी थांबायचं. आता तुम्ही हळू झालात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसत नाही, मग तो हळू होतो, मग त्याच्या पुढचा, आणि असं करत करत काही मिनिटांत निरोप थेट लीडपर्यंत पोचतो, फोन न लावता, ओरडा न करता, रेंज असो नसो. आणि फाटा आला, वळण आलं, चौक आला की तिथे थांबायचं, मागच्याने आपल्याला बघितलं आणि हात केला की मगच वळायचं. "अरे तो सरळ रस्ता आहे, त्याला कळेल" असं म्हणायचं नाही, ज्याला दमल्यावर नकाशा बघायचा कंटाळा येतो त्याला नाही कळत.

आम्ही हा नियम नव्हतो पाळत तेव्हाची एक टूर आठवते. पुढचे तिघं गप्पा मारत एका फाट्यावर वळून गेले, मागे आम्ही दोघी, माझ्या मैत्रिणीची चेन उतरली होती म्हणून थांबलो होतो, ती बसवून निघालो आणि फाट्यावरून सरळ निघून गेलो, कारण सरळचा रस्ता मोठा होता आणि तिथे कोणीच उभं नव्हतं. बारा किलोमीटर गेल्यावर फोन लागला. म्हणजे बारा परत, दोघींची मिळून पाण्याची एक बाटली उरलेली, आणि मैत्रीण पूर्ण वेळ म्हणत होती की माझ्या चेनमुळे झालं. तिच्या चेनमुळे नव्हतं झालं. फाट्यावर एक माणूस पाच मिनिटं उभा राहिला असता तर त्या दिवशीची संध्याकाळ वेगळी गेली असती, आणि ती बिचारी पुढचे दोन दिवस काही बिघडलं तरी सांगायला कचरत होती, हे मला जास्त लागलं.

पहिला तास मुद्दाम हळू. पाय थंड असतात, रात्रभराची झोप झालेली असते, हवा छान असते, सगळ्यांना पळायचं असतं, आणि तिथेच दुपारची वाट लागते. पॉल द व्हिवी नावाचा एक फ्रेंच सायकलवाला होऊन गेला, १८५३ ते १९३०, व्हेलोसिओ या नावाने लिहायचा, लांबच्या सायकल प्रवासासाठी त्याने जे सात नियम सांगितले त्यात भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या आणि सुरुवातीच्या तासांत जोर लावू नका हे सगळं आहे, शंभर वर्षांत त्यात बदलण्यासारखं काही सापडलेलं नाही. ओळखायची खूण सोपी आहे, पहिल्या तासात तुम्हाला धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलताय म्हणजे गिअर हलका करा. पाय मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरतील असा गिअर ठेवा, जड गिअरवर दाबून दाबून चालवलं तर सकाळी काही वाटत नाही पण तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो.

गुडघ्यावरून सांगते, सीटची उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर तिरकी नाही झाली पाहिजे, मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडासा वाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो, मागून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट वर असते. बदलताना पाच मिलिमीटरच्या वर एका वेळी हलवू नका, आणि आधी सीटपोस्टवर टेपने खूण करून ठेवा.

एका मागे एक जाताना आवाज आणि हाताच्या खुणा लागतात. खड्डा असेल तर त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवा, खडी किंवा वाळू असेल तर तळहात खाली करून हलवा, थांबायचं असेल तर आधी तोंडाने "थांबतोय" असं मोठ्याने सांगा आणि मग ब्रेक लावा. पुढच्याने केलेली खूण प्रत्येकाने मागे द्यायची, नाहीतर ती दुसऱ्या माणसापाशीच मरते. मागून गाडी येतेय हे स्वीप ओरडतो, ते पुढपर्यंत गेलं पाहिजे. रस्त्याला गाड्या असतील तर एकेरी रांग, आणि रांग मोठी असेल तर चार-चारचे दोन गट करून मध्ये चांगली जागा सोडा, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्या गाडीला मध्ये घुसायला जागा मिळते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नका. तो जरा हलला आणि चाकाला चाक लागलं की पडतो तो मागचा, दरवेळी, कारण पुढच्याचं फक्त मागचं चाक हलतं पण मागच्याचं हँडलच जातं.

समोरून वारा आला की ग्रुपचं खरं महत्त्व कळतं. सपाटीवर वेग वाढला की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून समोरचा वारा चढापेक्षा जास्त दमवतो, चढ निदान संपतो तरी. पुढच्याच्या मागे नीट जवळ राहिलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचू शकते, वेगावर आणि अंतरावर अवलंबून आहे. पण सामान लादलेली सायकल पटकन थांबत नाही, त्यामुळे रेसवाल्यांसारखं चाकाला चिकटून जायचं नाही, निदान एका चाकाएवढी मोकळी जागा, आणि मागे कोण चिकटलंय असं पुढच्याला वाटू नये म्हणून त्याला सांगून मागे या. पुढे राहायची पाळी एकेक किलोमीटरची ठेवा, जोरदार वारा असेल तर त्याहून कमी. पाळी संपली की मागे गाडी नाही ना ते बघून बाजूला व्हायचं, पेडल थोडं हलकं करायचं आणि मागे स्वीपच्या पुढे जाऊन लागायचं. आणि जो नवीन पुढे आलाय त्याने वेग वाढवायचा नाही!! हे मी फार वेळा बघितलंय, ताजा माणूस पुढे येतो, त्याला हुरूप येतो, ताशी १८ चे २२ होतात, आणि नुकताच वारा खाऊन मागे गेलेला माणूस त्याच क्षणी तुटतो. आपण आहे तोच वेग धरायचा, स्पीडोमीटरवर बघून धरायचा. ज्याला जमत नाही त्याने पुढे यायचंच नाही, मध्ये राहायचं, त्यात कमीपणा काही नाही, दमदार माणसाने दोन किलोमीटर पुढे राहावं, हळू माणसाने मागे बसून यावं, सगळे एकत्र पोचतात.

खाणं. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, साधारण १,६०० ते २,००० कॅलरीचं असतं, आणि टूरच्या वेगाने तासाला ४०० ते ५०० कॅलरी सहज जातात, त्यातली काही चरबीतून येते पण तरी तीन-चार तासांत न खाता चाललात तर टाकी रिकामी व्हायला येते. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तासाला एक-दोन केळी किंवा तेवढे खजूर, बिस्किटं, ब्रेड, जे पोटाला चालतं ते. जेवणासाठी एकदम थांबून भरपूर खाण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला थोडं. हँडलजवळ पिशवी लावा, खाणं मागच्या पॅनियरमध्ये तळाशी असेल तर तुम्ही खाणार नाही, मी सांगते, "पुढे थांबू तेव्हा" करत दोन तास जातात.

बॉंक येतो, म्हणजे अंगातली साखर संपून माणूस एकदम गळतो, तेव्हा त्याला स्वतःला कळत नाही, हे ग्रुपने लक्षात ठेवायचं. आमच्यातला एक जण दिवसभर सगळ्यांना हसवणारा, एका दुपारी गप्प झाला. आधी वाटलं दमला असेल. मग तो सपाट रस्त्यावर हलक्या गिअरवर चालवायला लागला, मग विचारलं तर "मला नाही खायचं, तुम्ही जा पुढे" असं चिडून म्हणाला, त्याचा तो स्वभावच नाही. मी बाजूला गेले तर हात हँडलवर थरथरत होता, बारीक, लांबून दिसला नसता. सावलीत बसवलं, केळं सोलून हातात दिलं, कारण तो सालीशी झटापट करत होता, मग थोडं गोड पाणी, मग अजून एक केळं. वीस-पंचवीस मिनिटांनी स्वतःहून म्हणाला, "आता बरं वाटतंय, मी मघाशी काही बोललो का?" तर गप्प होणं, चिडणं, मागे पडणं, साधा गिअर बदलताना गोंधळणं, ही सगळी पोट रिकामं असल्याची लक्षणं असू शकतात, त्याच्याशी वाद घालू नका, खायला घाला.

पाण्याचं तासाला अर्धा लिटर धरून चला, ऊन असेल तर जास्त. पण उन्हात चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात आणि मीठ काहीच गेलं नाही तर रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस अजून पाणी पितो. म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर किंवा ओआरएस. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. कोणाला उन्हात चक्कर येतेय, बोलणं असंबद्ध होतंय, तर तो दिवस तिथे संपला, सावली, ओलं कापड, वारा आणि लगेच डॉक्टर, यात "थोडं पुढे जाऊन बघू" करायचं नाही.

पंक्चर तर होणारच. डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर आणला त्याच्या आधी भरीव रबरावर लोक हाडं खिळखिळी करत चालवायचे, तेव्हा पंक्चर ही त्या आरामाची किंमत आहे असं मी मानते. ग्रुपमध्ये पंक्चर झालं की पहिलं काम म्हणजे रस्ता सोडून सगळ्यांनी कडेला लांब उभं राहणं, सायकली रस्त्यावर पसरून ठेवायच्या नाहीत. मग एकाने चाक काढायचं, एकाने नवी ट्यूब थोडी हवा भरून तयार ठेवायची, एकाने टायर तपासायचा, बाकीच्यांनी खायचं आणि पाणी प्यायचं, म्हणजे हा थांबा वाया जात नाही. मागचं चाक असेल तर चेन आधी सगळ्यात लहान दातऱ्यावर घ्या, निघतं आणि बसतं दोन्ही सोपं.

टायर तपासणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात घाईत होणारं काम आहे. एकदा आमच्या एका मित्राला एका सकाळीत तीन पंक्चर झाले, तिन्ही मागच्या चाकात, दरवेळी टायरच्या आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही, नवी ट्यूब टाकली, पाच-सहा किलोमीटरने पुन्हा फुस्स. तिसऱ्या वेळी मी म्हटलं आता बसून बघू. जुनी ट्यूब हवा भरून गालाजवळ फिरवली, भोक सापडलं, व्हॉल्व्हपासून किती वितीवर आहे ते मोजलं, आणि तेवढ्याच अंतरावर टायर बघितला. आम्ही टायर बसवताना टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणतो ते याच्याचसाठी, म्हणजे ट्यूबवरचं भोक आणि टायरवरची जागा जुळवता येते. तरी डोळ्याला काही दिसेना. मग औषधाच्या पिशवीतला कापूस काढला आणि त्या जागेवर आतून हलकेच फिरवला, तर एका ठिकाणी कापसाचा एक तंतू अडकून राहिला. तिथे केसासारखी बारीक लोखंडी तार होती, तीन-चार मिलिमीटर, ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या तारा रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात त्यातली, टायरच्या रबरात पूर्ण आत गेलेली आणि वजन पडलं की टोक वर काढणारी. ट्वीझरने ओढली तेव्हा निघाली. तेव्हापासून कापूस आणि छोटा चिमटा माझ्या पंक्चर किटमध्ये कायम असतो, ग्रॅमभर वजन नाही.

टायर शेवटी हाताने बसवा, लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) जोर लावला की नवीन ट्यूब चिमटते. शेवटचा भाग अवघड जात असेल तर उरलेला टायर सगळीकडून रिमच्या मधल्या खोल भागात दाबा, थोडी ढिलाई मिळते. पूर्ण हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी बघा ट्यूब कुठे टायर आणि रिमच्या मध्ये अडकलेली दिसतेय का. टायरला चीर गेली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा घडी केलेली नोट लावा, संध्याकाळपर्यंत जातो. आणि माणशी निदान दोन ट्यूब, पॅच वेगळे, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) एक, दोन-तीन स्पोक आपल्या चाकाच्या मापाचे, ग्रुपमध्ये चाकांची मापं वेगवेगळी असतील तर एकमेकांचं सामान उपयोगाला येत नाही हे निघायच्या आधीच बघून ठेवा, व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक) आहे का श्रेडर (मोटरगाडीसारखा जाड) तेही, कारण पंपाचं तोंड वेगळं लागतं.

चढावर मात्र सगळ्यांनी एकत्र राहायचा हट्ट सोडा. तिथे वेग इतका कमी असतो की मागे राहून हवेचा फायदा फारसा मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या लयीत चढणं म्हणजे दोघांनाही त्रास. प्रत्येकाने आपापल्या गिअरवर जावं, मागे स्वीप, आणि वर सगळ्यांनी थांबायचं, पण थांबताना एक लक्षात ठेवा, शेवटचा माणूस पोचला की लगेच "चला" म्हणायचं नाही. पुढचे वीस मिनिटं बसून ताजे झालेले असतात आणि जो सगळ्यात जास्त दमलाय त्यालाच विश्रांती मिळत नाही, तो पोचल्यावर त्याची दहा मिनिटं सुरू होतात. वर पोचल्या पोचल्या जॅकेट घाला, घाम थंड व्हायच्या आधी. गिअर असे घ्या की पुढचं सगळ्यात लहान दातरं मागच्या सगळ्यात मोठ्या दातऱ्याएवढ्या दातांचं किंवा त्याहून कमी असेल, सामान असताना ते लागतंच. कोणी म्हणेल हलके गिअर कशाला, तर टूर द फ्रान्समध्येसुद्धा डिरेलर गिअर, म्हणजे चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारे, १९३७ सालापर्यंत चालत नव्हते, त्या काळच्या लोकांनाही गिअर म्हणजे कमजोरी वाटायची, आज तिथला एकही जण त्याशिवाय चढत नाही. आणि उतरून ढकलत चढलात तरी तो चढ तुम्ही चढलातच.

उतारावर अंतर वाढवा, निदान पाच-सहा सायकलींची जागा, ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. पुढचा ब्रेक जास्त काम करतो पण तो झटक्याने दाबायचा नाही, दोन्ही हळूहळू, आणि लांब उतारावर सतत दाबून ठेवण्यापेक्षा दाबा-सोडा, दाबा-सोडा, रिम ब्रेक असेल तर रिम फार तापते. पावसात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं काचेसारखी होतात, त्यावर वळायचंही नाही आणि ब्रेकही लावायचा नाही, बस्स.

दुपारनंतर शरीर कुरकुरतं. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दबतेय, दर दहा-पंधरा मिनिटांनी हँडलवरची पकड बदला, कोपर थोडं वाकलेलं ठेवा, मनगट मोडू देऊ नका. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही, तिथली शिवण घासते. बसायची जागा लाल व्हायला लागली की त्याच दिवशी क्रीम, त्याच दिवशी धुतलेली कोरडी शॉर्ट, लाजून दोन दिवस गप्प बसलात तर तिसऱ्या दिवशी सायकलवर बसता येत नाही. ग्रुपमध्ये हे मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे, आणि ते पहिल्यांदा बोलायचं काम ग्रुपमधल्या जुन्या माणसाचं आहे, कारण नवीन माणूस बोलणार नाही.

आणि गप्पा मारा. शेजारी शेजारी जाण्याइतका रिकामा रस्ता मिळाला की दोन-दोनच्या जोड्या करा, दर पाच किलोमीटरला जोडी बदला, मग आठ दिवसांत प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं होतं. सायकलवर समोर बघून बोलायचं असतं, तोंडाकडे बघायचं नसतं, म्हणून लोक एरवी न बोलणाऱ्या गोष्टी बोलतात, मला माझ्या दोन सगळ्यात जवळच्या मैत्रिणी अशा रस्त्यावर मिळाल्यात.

मुक्कामाला पोचल्यावर आडवं व्हायच्या आधी अर्धा तास कामाचा काढा, एकदा पडलात की उठत नाही. पहिल्या तासात खा, भात-पोळी-ब्रेड-बटाटा काहीही कार्बोहायड्रेट आणि सोबत २० ते २५ ग्रॅम प्रोटीन होईल असं काहीतरी. शॉर्ट धुवा, मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेल पिळा, पाणी टॉवेल ओढून घेतो आणि शॉर्ट सकाळपर्यंत वाळते. चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पेडल उलटं फिरवा, मग वरचं तेल परत पुसून काढा, वर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. टायरवरून बोटं फिरवा, रुतलेली काच आत्ताच काढा.

मग सगळे बसले की पाच मिनिटं उद्याचं बोला, अंतर, चढ, पाणी कुठे मिळणार, आणि एकेकाला नाव घेऊन विचारा की गुडघा कसा आहे, बसायची जागा कशी आहे, उद्या किती जमेल. "सगळे ठीक आहात ना?" असं सगळ्यांना मिळून विचारलं की सगळे हो म्हणतात. ज्याने सगळ्यात कमी आकडा सांगितला तो उद्याचा आकडा. मग उद्याचा स्वीप कोण ते ठरवा, आणि पंप, टूलकिट आणि औषधांची पिशवी रात्रीच त्याच्या सायकलला लावून ठेवा.